शिवराम, तुझ्या तेरवीची भाजी

शिवराम, तुझ्या तेरवीची भाजी मीच केली. पहिलं पान तुलेच ठेवलं होतं, त्यामुळं कशी झाली ते तुले माझ्याआधी कळलं असेल. पण आता तू तोंडानं सांगणार नाही, म्हणून बाकीचं मी सांगतो. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर वाकडं आहे. हसू नको. तू तर तिसरीतच खिडकीतून पळाला होता.

येणारे-जाणारे तुझ्या ओट्यावर टेकतात आणि म्हणतात, "शिवरामभाऊ मंजे देवमानूस." मी मान हालवतो. मयताच्या घरी वाद घालू नये एवढं मले समजते. पण तू देवमाणूस नव्हता. देवमाणूस असता तर जन्मात एखाद्या वेळी तरी माझं ऐकलं असतं. मिठाले वास असते, हे तू मले आयुष्यभर सांगत राह्यला, आणि नसते, हे मी तुले. तो वाद तू अर्ध्यात टाकून गेला. अर्ध्यात टाकून जायची तुझी खोड शाळेपासूनची.

आपलं गाव ते केवढं. रिसोडहून निघालेली जीप रिठदले निम्मी रिकामी होते, आणि आपल्या फाट्यावर उतरणारा एखादाच राहते, तोही बहुतेक आपलाच कोणाचा जावई. पण चैतात मारोतीच्या पंगतीले गाव मावत नाही. पुण्याचे येतात, सुरतेचे येतात, ऊसतोडीले गेलेले कारखान्याचा पट्टा पडून हंगाम सरला की बोचकी खांद्यावर घेऊन थेट पारावर उतरतात. पाया पडायच्या आधी विचारतात, "कढई चढली का?"

या पंगतीची सुरुवात कशी झाली, त्याच्यावरही आपलं जमलं नाही. तू म्हणायचा, गुरांची रोगराई गेली म्हणून म्हाताऱ्यांनी मारोतीले पंगत बोलली. मी म्हणतो, गावविहिरीले पाणी लागलं त्या दिवशी विहिरीच्या काठावरच पहिली चूल पेटली. माझा आजा तेव्हा विहिरीत खाली होता, पाण्याची पहिली ओल त्यानंच पाहिली. हे मी पारावर सांगत असलो की तू बिडी विझवून म्हणायचा, "आन वरून दोर कोन धरून होतं? माहा आजा. त्यानं हात सोडला असता तं हे भाषन द्याले तू राह्यलाच नसता."

लोक हसायचे. मीही हसायचो, पण पटलं म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य होती. कढई गुळाची आहे. त्या विहिरीवर एका काळी ऊस होता, चरखा होता, गुऱ्हाळाचा वास शिवेपर्यंत जायचा. मग पाणी खाली गेलं, ऊस गेला, ज्वारी गेली, कपाशी कमी झाली, सोयाबीन आलं. कढई तेवढी राह्यली. तिले उचलायले चार गडी लागतात, आणि ते चार गडी एका विचाराचे असावे लागतात, नाहीतर ती दारात अडकते. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की त्या वर्षी ती अडकतेच.

पंगतीत भाजी तुझी आणि रोडगे माझे. ही वाटणी कोणी केली ते आठवत नाही. जाड्या कणकेचे थराथराचे गोळे, गोवऱ्यांचा जगरा लावून त्यात पुरायचे, भाजले की राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. दिसायले सोपं आहे. जगरा फार भडकला तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. माझा रोडगा कधी कच्चा निघाला नाही. तू हे कबूल करायचा नाही. "गनपतचे रोडगे मंजे काय, भाजीसंगं उतरते घशाखाली," असं म्हणायचा. मी म्हणायचो, "भाजी उतरते ती रोडग्याच्या धक्क्यानं." तुझी वांग्याची भाजी किती चांगली होती, हे मी तुले कधी सांगितलं नाही. तूही माझ्या रोडग्याबद्दल नाही. वाढणारे पाहायचे तर आपण दोघं कढईआड बसून एकमेकाचंच मागून मागून खात असायचो.

आता बाहेरच्या माणसाले आपला कायदा माहीत नसतो. मारोतीले निवद दाखवल्याबिगर जिभेले भाजीचा थेंब लागू द्यायचा नाही. घरच्या गंजात हे चालून जाते. अख्ख्या गावाच्या कढईत मीठ टाकायचं आणि चाखायचं नाही, याले काळीज लागते. तू मूठ सोडायचा, सराट्यानं तळ हालवायचा, मग वाफेवर तोंड धरून डोळे मिटायचा. बाया हिरव्या सांबाराच्या जुड्या चिरता चिरता हात थांबवायच्या. तू नाक ओढायचा, कधी अजून अर्धी मूठ टाकायचा, कधी नुसतंच म्हणायचा, "झालं."

"काय झालं? मिठाले कुठं वास असते?" मी जगऱ्यापासून ओरडायचो.

"असते. कमी असलं तं भाजी कच्ची वास मारते. तुले नाही येनार. तुह्या नाकात राख हाये."

एवढ्या वर्षांत मारोतीच्या पंगतीत तुझ्या भाजीले मीठ मागणारा कोणी निघाला नाही.

फक्त एकदा तुझी भाजी बिघडली, आणि ती चाखल्यामुळं बिघडली. बौद्ध वस्तीतल्या उत्तमरावनं तुले जयंतीच्या जेवणाले बोलावलं तेव्हाची गोष्ट. उत्तमराव तेव्हा एसटीत कंडक्टर होता, घरी येऊन म्हणाला, "शिवरामभाऊ, यंदा आमच्याकडं तुमच्या हातची भाजी पाह्यजे. कढई बी पाह्यजे." तू लगेच हो म्हणाला. कढई त्या वस्तीत याआधी कधी गेली नव्हती, आणि ती माणसं आपल्या पंगतीले कुठं बसायची, का नंतर यायचीच बंद झाली, हे गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्याले सगळं ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं. कढई उचलली तेव्हा पारावरून आवाज आलाच, "तिकडं गेलेली कढई मंग मारोतीले कशी चालन?"

तू कढई खाली ठेवली नाही. कड धरूनच म्हणाला, "मारोतीनं लंकेत फळं खाल्ली, ते झाड कोन्या जातीचं होतं ते इचारून ये आधी. मंग बोलू."

पारावर बसलेला मारोतीचा भक्त होता, त्यानं देवळाकडं पाहून हात जोडले. मी कढईची दुसरी कड धरून होतो, म्हणून मले ते नीट ऐकू आलं. त्या वर्षी कढई दारात अडकली नाही.

तिथं भाजी शिजत आली आणि तू वाफेवर तोंड धरलं. उत्तमराव म्हणाला, "भाऊ, वास कायचा घेता? चाखा ना. आमच्याकडं निवदाची भानगड नाही."

तू माझ्याकडं पाह्यलं. जन्मात पहिल्यांदा कढईवरच्या भाजीतलं चमचाभर तळहातावर घेतलं आणि चाटलं. मग पुन्हा घेतलं. मग मीठ टाकलं. पुन्हा चाटलं. "आता समजून नाही राह्यलं," म्हणाला. एकदा कमी वाटे, एकदा बरोबर वाटे, जीभ भाजली तसं काहीच वाटेना, आणि तू टाकतच गेला. शेवटी उत्तमरावच्या आईनं तुझा हात धरला. "लेका, सोड आता. समुद्र करशीन का?" तिनं बटाटे टाकले, बेसनाचं पाणी टाकलं, तरी लोक त्या दिवशी भाजीसंगं निम्मी विहीर प्यायले. कोणी काही बोललं नाही, उलट जाताना सगळे हसत होते. त्यानंतर दरवर्षी जयंतीले भाजी तुझीच, आणि दरवर्षी मीठ टाकायच्या वेळेले उत्तमराव लांबूनच ओरडायचा, "शिवरामभाऊ, चाखू नका हो!" त्याच वर्षापासून ती माणसं आपल्या चैताच्या जेवणालेही आली. देवाच्या पाया पडायले नाही, जेवायले. आणि ओळीत मधोमध बसली.

बायांचं तर तू कोणाले विचारलंही नाही. त्या सगळ्यांच्या मागून जेवायच्या, तेव्हा कढईत तळाचा मसाला आणि वांग्याचे देठ उरायचे. एका वर्षी तू वाढायच्या आधीच दोन बादल्या भरून बाजूले झाकून ठेवल्या. "कोनाच्या?" मी विचारलं. "चिरलं त्याईनं, निवडलं त्याईनं, आन तळ त्याईलेच कायले?" पुढच्या साली सरुवहिनीच बोलल्या, "बादल्या भरता तं सतरंजी बी टाका ना संगंच." तेव्हापासून त्यांची ओळ आपल्याच वक्ताले बसते. तुझ्या घरात तुझ्याहून शहाणं माणूस होतं, हे तुले माहीत होतं. मलेही होतं.

तू गेला तो हरभरा निघता निघता. त्याच्या आधल्या आठवड्यात मी तुझ्या ओट्यावर आलो होतो. चहा बशीत ओतताना निम्मा बाहेर सांडत होता. मी दिसलं नाही असं केलं. तू म्हणाला, "गनपत, यंदा मारोतीले मीठ तू टाक. मी बाजूले उभा राह्यतो."

"आन माहे रोडगे कोन पाह्यन? तुहा बाप?" मी म्हणालो.

तू हसला आणि चहा पिला. ते तू खरंच म्हणत होता, का मले चिडवून राह्यला होता, हे मले अजून ठरवता येत नाही. तुझं तोंड दोन्ही वक्ताले सारखंच असायचं.

मग तुझा दिलीप आला पुण्याहून. रडला बिचारा, खरं रडला. पण तेरवीचं निघालं तेव्हा अंगणात खुर्च्या मांडून मोबाइल काढला आणि म्हणाला, "काका, रिसोडचा कॅटरर सांगून देतो. पनीर, जिलेबी, पुलाव. कोनाले तरास नको."

"तुहा बाप पनीर खात होता का?"

"काका, लोकाईले आवडते आता."

"तेरवी लोकाईची हाये का तुह्या बापाची?"

त्यानं मोबाइल खिशात टाकला. मंडळाचा अध्यक्ष मंगेश तिथंच होता, तो म्हणाला, "काका, रागावू नका. मारोतीच्या पंगतीचं बी तसंच ठरून राह्यलं. शिवरामबाबा गेले, आता एवढ्या मोठ्या भाजीले कोन हात लावन? पोराईनं कॅटररशी बोलनं केलं हाये. फक्त हो म्हनाचं बाकी हाये."

मले एकदम त्या गुळाच्या कढईची आठवण झाली. ती आता कोणाच्या तरी गोठ्यात पालथी पडणार, तिच्यावर कोंबड्या बसणार. रोडगेही जाणार, कारण कॅटरर काही गोवऱ्या थापत नाही. आणि चैतात उतरणारे फाट्यावरून काय विचारत येतील? जेवण कुठलं सांगितलं, असं?

"भाजी मी करतो," मी म्हणालो. "तेरवीची बी आन मारोतीची बी."

वहिनी दाराच्या आत भिंतीले टेकून बसल्या होत्या. तू गेल्यापासून त्या बोलल्या नव्हत्या. तिथून आवाज आला, "भाऊजी, तुमी रोडग्याचे. तुमच्या हाताले मीठ कुठं?"

"करतो म्हनलं ना, वहिनी."

"मंग तेरवीले पाहू," मंगेश म्हणाला. "जमली तं कॅटररले नाही सांगतो."

तेव्हा शिवराम, तुझी तेरवी ही माझी परीक्षा झाली. पाहणारे सगळे होते आणि शिकवणारा फोटोत.

सकाळी कढई चढवली. चार गडी सरळ दारातून गेले, तिथं काही हरकत आली नाही. जगऱ्याजवळ उत्तमरावले बसवलं, त्याले सांगितलं की गोवरी वरून नाही, बाजूनं सरकवायची. तो म्हणाला, "गनपतभाऊ, मी तीस वर्षं गर्दी सरकवली, गोवऱ्या काय चीज." तरी माझी मान सारखी तिकडं वळत होती. वांगी टाकली, कूट टाकला, काळा मसाला टाकला. रंग आला. तर्री आली. इथपर्यंत कोणीही करते.

मग मीठ. तेरवीचंही तेच असते ना, गेलेल्या माणसाले पान दाखवल्याशिवाय स्वयंपाक उष्टा करायचा नाही. आणि पान तुझं. तुझ्याआधी मी चाखू? एवढा मोठा मी कधीच नव्हतो.

मूठ सोडली. तळ हालवला. अजून सोडली. मग चष्मा काढून वाफेवर तोंड धरलं आणि डोळे मिटले, कारण तू मिटायचा. धूर आला. लसूण आला. कढईच्या कानाचं तापलेलं लोखंड आलं. मिठाचा वास काही आला नाही. म्हणजे मीच खरा होतो, मिठाले वास नसते. पण खरा होऊन करू काय? भाजी खदखदत होती, बाया हात थांबवून माझ्याकडं पाहून राह्यल्या होत्या, आणि तुझा वाद मी जिंकलो हे सांगायले तूच नव्हता. पुन्हा टाकू का नको? तुझी जयंतीची भाजी डोळ्यापुढं आली. हात आवरला.

"झालं," मी म्हणालो.

दिलीपनं पान नेलं, तुझ्या फोटोपुढं ठेवलं, पाणी फिरवलं. वहिनीनं पदर डोळ्याले लावला. मग ओळी बसल्या, अंगणातून रस्त्यापर्यंत. वाढणारे फिरले. मी बादली धरून कढईजवळ उभा राह्यलो.

जेवणाऱ्याच्या तोंडाकडं पाहून काही समजत नाही, माणसं शिकलेली असतात. हाताकडं पाहायचं. रोडगा फोडत होते, तूप घेत होते, भाजीत एकदा बुडवत होते. आणि दुसऱ्या घासाले हात लोणच्याकडं जात होता. एकाचा गेला. मग त्याच्या शेजारच्याचा. मग ओळीच्या ओळीचा. कोणी चकार शब्द काढत नव्हतं. तेरवीचं घर, वरून मी करणारा. मंगेशनं दिलीपकडं पाह्यलं. मी सगळं पाहत होतो.

आपल्याकडं पंगतीत मीठ मागणं म्हणजे काय, ते तुले सांगायले नको. व्याह्यानं मीठ मागितलं म्हणून सोयरिकीत बोलणं बंद झालेलं या गावानं पाह्यलं आहे. माणसं अळणी गिळतात, पण मागत नाहीत. आणि त्या दिवशी सगळे गिळत होते, माझ्यासाठी. तसे मुकाट्यानं गिळून उठले असते, तर हात धुताना मंगेशनं कॅटररले फोन लावला असता, आणि कोणी त्याले अडवलं नसतं. मीसुद्धा नाही.

तेवढ्यात बायांच्या ओळीतून वहिनीचा आवाज आला. चांगला मोठा, शेतातून हाक मारावी तसा.

"भाऊजी, मीठ आना इकडं!"

अख्खं अंगण थांबलं. घास हातातले हातात. मी तसाच उभा, बादली खाली ठेवायचं सुचेना. वहिनी माझ्याकडंच पाहत होत्या, रागानं नाही. वाट पाहत होत्या. 

जगऱ्याजवळून उत्तमराव उठून ओळीत बसलेला होता, तो लगेच म्हणाला, "इकडं बी टाका, गनपतभाऊ. लाजता कायले?"

"मलेबी!" कोणीतरी म्हणालं. "आमच्याकडं येऊ द्या!" आणि मग सुरूच झालं. सगळं अंगण मीठ मागू लागलं. तेरवीच्या घरात लोक हसत होते, शिवराम, पोट धरून हसत होते. दिलीप डोळे पुसत हसत होता.

मी ताटात मीठ घेतलं आणि ओळीतून निघालो. माझे गुडघे तुले माहीत आहेत. प्रत्येक पानापाशी वाकलो, प्रत्येकाच्या पानाच्या कोपऱ्यात चिमूट ठेवली. या गावात मी कोणापुढं वाकत नाही, असं तू सगळ्याईले सांगत फिरायचा. त्या दिवशी सगळ्यांपुढं वाकलो, लहान्या पोरांपुढं बी. कोणी म्हणालं, "आता कशी लागली!" कोणी म्हणालं, "मसाला झ्याक हाये, काका." एक म्हातारा म्हणाला, "रोडगे उत्तमरावनं केले का? तुह्याहून बरे हायेत." त्याले मी मीठ जरा जास्तच टाकलं.

वहिनीच्या पानापाशी आलो. त्यांनी चिमूट घेतली, भाजीत कालवली, घास खाल्ला. मग मंगेशले ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "मारोतीच्या पंगतीले हात थोडा सोडून टाका."

मंगेश म्हणाला, "काकू, मंग कॅटररचं...?"

"कायले? भाजी करनारा घरचा हाये. मीठ कमी पडलं तं मागून घेऊ."

मंगेशनं मान खाली घातली आणि रोडगा फोडला.

शिवराम, तुझ्या बायकोनं माझा अपमान केला आणि मी तिचा जन्मभर उपकार मानीन. हे तिले मी सांगणार नाही. तुले सांगतो.

सगळे उठल्यावर मी बसलो, कढईआड, आपल्या जागेवर. बाजूची जागा मोकळी होती. तिथं उत्तमराव येऊन बसायले लागला, मग थांबला आणि समोर बसला. त्यानं मले वाढलं. मी घास घेतला. पक्की अळणी. मले खोटं बोलता येत नाही. मसाला चांगला उतरला होता, वांगं बरोबर शिजलं होतं, आणि मीठ नव्हतं.

उत्तमरावनं मिठाचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

मी ते परत त्याच्याकडं सरकवलं, आणि पानातली सगळी भाजी तशीच खाल्ली.